शेती-नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी : हंगाम पाहून बेत करा



गावोगावच्या बैठकांत बियाणे, खते आणि पीकविमा यांची बोलणी संपली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कधी दूध संस्थेचा सचिव तो विचारतो, कधी बचत गटाच्या ताई, कधी साखर कारखान्यात पाळीवर जाणारा एखादा तरुण शेतकरी. "साहेब, बारावीनंतर शिक्षण सुटले. आता वय तिशीच्या पुढे गेले. घरी बसून मोबाइलवर पदवी घेता येते म्हणतात. खरे का? आणि आम्हाला ते जमेल का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : खरे. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात चार वर्षे राहून बी.एस्सी. झालो. ताटात जेवण आयते येत होते आणि घंटा झाली की वर्गात जाऊन बसणे एवढेच काम होते. शेत, जनावरे, लेकरे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला ही घंटा कोणी वाजवून देत नाही, ती त्याला स्वतःच वाजवावी लागते. गेल्या काही वर्षांत कार्यक्षेत्रातल्या गावांत अशी शिकणारी बरीच माणसे पाहिली. पुष्कळांनी प्रवेश घेतला, थोडे शेवटपर्यंत पोचले. जे मध्येच थांबले त्यांच्यापैकी बहुतेकांना विषय अवघड गेले नव्हते. त्यांचे वेळापत्रक चुकले होते. म्हणून विषयांपेक्षा वेळापत्रकाबद्दलच मी जास्त बोलणार आहे.

ही सोय आली कोठून?

घरी राहून शिकण्याची कल्पना नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने पदवीचे शिक्षण सुरू केले. १९८२ साली हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला 'इग्नू' म्हणतो ते, स्थापन झाले. आपल्या राज्यात १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. मराठीतून शिकण्याची सोय असल्याने खेड्यापाड्यांतल्या अनेकांना या विद्यापीठाचा आधार झाला.

आता यात ऑनलाइनची भर पडली आहे. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' हे संकेतस्थळ सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित नियम केले. या दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. दूरस्थ शिक्षणात पुस्तके मिळतात, जवळपास अभ्यासकेंद्र असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. ऑनलाइन शिक्षणात व्याख्याने, वाचनाचे साहित्य, शंका विचारणे आणि चाचण्या हे सारे संगणकावर किंवा मोबाइलवर चालते. २ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या महाविद्यालयातील पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. त्यामुळे "घरी बसून घेतलेली पदवी दुय्यम" हे बोलणे मनावर घेऊ नका.

कशासाठी शिकायचे ते आधी ठरवा

पेरणीआधी जमीन आणि बाजार दोन्ही पाहतो, तसेच येथे पाहावे. तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या भरतीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यसेवा परीक्षेलाही पदवी लागते. एखाद्याला नोकरीत वरची जागा हवी असते, तर एखाद्या माउलीला आपल्या नावापुढे पदवी लागलेली पाहायची असते. यातला कोणताही हेतू कमी नाही. पण हेतू स्पष्ट असावा, कारण त्यावरून विषय ठरतात.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. "घरबसल्या बी.एस्सी. ॲग्री करून देतो," असे कोणी सांगितले तर तेथेच थांबा. आयोगाच्या २०२० च्या नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई असलेल्या विषयांची यादी आहे. तीत शेती आणि फलोद्यान हे दोन्ही विषय आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचारिका, औषधनिर्माण आणि कायदा हेही त्याच यादीत आहेत. हे विषय प्रत्यक्ष हाताने करून शिकायचे असतात. चिरा न देता छाटणी शिकता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कीटकनाशक-खताचे दुकान टाकायचे म्हणून कोणी बी.ए.ला प्रवेश घेणार असेल, तर त्या पदवीचा परवान्यासाठी उपयोग नाही. जे आधीपासून कृषी सेवा केंद्र चालवतात त्यांच्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची 'देसी' ही एक वर्षाची, ४८ आठवड्यांची पदविका आहे. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी तिचे वर्ग असतात. चौकशी तालुका कृषी कार्यालयात किंवा 'आत्मा'च्या कार्यालयात करावी.

ज्यांची बारावीच राहिली आहे त्यांनी आधी ती पुरी करावी. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही सोय आहे. तेथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी मिळते.

पी हळद आणि हो गोरी

आता दलालांविषयी. तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर एका गाळ्यावर फलक लागतो : 'एका वर्षात पदवी'. आमच्या भागातल्या एका होतकरू तरुणाने अशाच ठिकाणी दोन हप्त्यांत पैसे भरले. पैसे शेळ्या विकून उभे केलेले होते. पुस्तके आली नाहीत, परीक्षाही झाली नाही. वर्षाअखेर परराज्यातल्या विद्यापीठाची गुणपत्रिका मात्र हातात पडली. ती घेऊन तो नोकरीच्या कागदपडताळणीला गेला, तेव्हा तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त नसल्याचे कळले. पैसे गेलेच, शिवाय वयाची मर्यादा ओलांडण्याआधीची ती शेवटची भरती होती. पैसा पुन्हा मिळवता येतो, गेलेले वर्ष मिळत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी पाहाव्यात. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्यूरोच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. यादीत संस्थेचे नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम आणि तुम्ही प्रवेश घेणार ते सत्र, या दोन्हींना मान्यता आहे का ते पाहा. दुसऱ्या राज्यातल्या राज्य विद्यापीठाला आपल्या तालुक्यात दूरस्थ शिक्षणाचे केंद्र काढता येत नाही, आणि फ्रँचायझी देऊन पदवीचे शिक्षण चालवण्यासही मनाई आहे. पैसे भरायचे ते विद्यापीठाच्या खात्यावर, पावती घेऊन. गाळेवाल्याच्या हातात नव्हे. आणि तीन वर्षांची पदवी एका वर्षात देतो असे जो म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

नावाची भानगड आधी मिटवा

२०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला ब्यूरोच्या संकेतस्थळावर स्वतःचा क्रमांक काढावा लागतो. त्याला 'डेब आयडी' म्हणतात. त्यासाठी आधी श्रेयांक पेढीचा, म्हणजे 'एबीसी'चा क्रमांक लागतो. तो डिजिलॉकरमधून आधार कार्डाच्या आधारे निघतो.

येथे आपल्या भगिनींची हमखास अडचण होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असते आणि आधारवर सासरचे. दोन नावे जुळत नाहीत म्हणून अर्ज अडतो आणि तोवर प्रवेशाची मुदत संपते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. प्रवेश घ्यायच्या दोन-तीन महिने आधी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. नावातला बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा लागेल का, हे विद्यापीठाच्या मदत केंद्राला विचारून घ्या. पुरुषांनीही वडिलांच्या नावातली वेलांटी-उकाराची चूक असेल तर ती आधीच दुरुस्त करावी.

३६०० तासांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. पदवी श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. यात व्याख्यान ऐकणे, वाचणे, गृहपाठ लिहिणे आणि उजळणी असे सारे आले. १२० गुणिले ३०, म्हणजे ३६०० तास.

आकडा पाहून घाबरू नका. त्याची वाटणी करू. शेतकऱ्याच्या वर्षातून पेरणी, काढणी, लग्नसराई, यात्रा आणि आजारपण यांचे मिळून ६५ दिवस वजा करा. त्या दिवसांत पुस्तक उघडले जाणार नाही, हे मान्यच करून टाका. उरले ३०० दिवस. तीन वर्षांत पदवी घ्यायची तर वर्षाला १२०० तास, म्हणजे या ३०० दिवसांत रोज चार तास. शेतात राबणाऱ्या किंवा नोकरी करून शेती पाहणाऱ्या माणसाला हे झेपणार नाही. सहा वर्षे घेतली तर वर्षाला ६०० तास, म्हणजे रोज दोन तास. हे जमण्यासारखे आहे.

सहा वर्षे घेता येतात का? बहुतेक ठिकाणी येतात. मुक्त विद्यापीठांत अभ्यासक्रमाला किमान आणि कमाल अशा दोन मुदती असतात. इग्नूच्या तीन वर्षांच्या बी.ए.ला कमाल सहा वर्षांची मुदत दिलेली आहे. आपल्या अभ्यासक्रमाची कमाल मुदत माहितीपुस्तिकेत असते. प्रवेशाच्या दिवशीच तिच्याखाली रेघ ओढा. ही मुदत म्हणजे आळसाला दिलेली सवलत समजू नका. नोकरी-शेती करणाऱ्यासाठीच ती ठेवलेली आहे. वीस वर्षांच्या पोराशी शर्यत लावून पहिल्याच सत्रात सगळे विषय अंगावर घ्यायचे आणि दोन विषयांत नापास झाले की पुस्तके माळ्यावर टाकायची, हेच पुष्कळांचे होते. पाणी दोन एकराचे असताना पाच एकर ऊस लावला तर सगळाच वाळतो.

हंगाम आणि परीक्षा

आपल्या घरातल्या विद्यार्थ्याची खरी अडचण येथे आहे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. जून म्हणजे मृगाचा पाऊस, पेरणीची घाई, बियाण्याची रांग. डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, तुरीची राखण, गव्हा-हरभऱ्याची पाणी आणि उसाची तोड. वेळापत्रक ठरवणाऱ्याने आपले पंचांग पाहिलेले नसते. ते आपणच पाहायचे.

कोरडवाहू सोयाबीन-कापूस पट्ट्यात जून अवघड असतो, तेथे अवघड विषय डिसेंबरच्या परीक्षेला ठेवावेत. उसाच्या किंवा द्राक्षाच्या गावात डिसेंबर-जानेवारीतच हाताला उसंत नसते, तेथे उलट करावे. ज्या परीक्षेला फक्त एक-दोन विषय द्यायचे ठरवले आहेत, तेवढेच द्या, पण ते सोडू नका.

परीक्षेइतक्याच महत्त्वाच्या आणखी तीन तारखा असतात. पहिली गृहपाठ देण्याची. इग्नूत बहुतेक विषयांचे ३० टक्के गुण गृहपाठाचे आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेचे असतात, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. गृहपाठ घरी बसून, पुस्तक समोर ठेवून लिहायचा असतो. तो न देणे म्हणजे खळ्यावर आलेले धान्य पावसात सोडणे. दुसरी तारीख परीक्षा अर्जाची. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येईल असे नाही, अर्ज आणि शुल्क वेगळे असते. तिसरी पुढच्या वर्षाच्या फेरनोंदणीची. पहिला निकाल लागण्याआधीच पुष्कळदा तिची मुदत येते, आणि "निकाल लागू दे, मग पाहू" म्हणणारा येथे मागे राहतो.

या तारखा मोबाइलवर येतात आणि शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडल्या जातात. म्हणून त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा. प्रत्येक तारखेच्या पंधरा दिवस आधी दुसरी खूण करा. म्हशीची विण्याची तारीख आणि सोसायटीचा हप्ता जेथे लिहिता, तेथेच.

एका घराची गोष्ट

आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात चार एकरांचे घर आहे. दोन म्हशी, सासू-सासरे, नवरा-बायको आणि दोन मुले. सून बारावी झालेली, बचत गटाचे हिशेब लिहिणारी. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिने मराठी माध्यमातून बी.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी सगळे विषय घेतले. परीक्षा जूनमध्ये आली आणि त्याच आठवड्यात वापसा आला. दोन पेपर तिने दिलेच नाहीत. नवऱ्याने सरळ सांगितले, "फी वाया गेली. आता पुरे कर."

ती थांबली नाही, पण रीत बदलली. दुसऱ्या वर्षापासून तिने विषय निम्मे केले. घरात एका रविवारी सगळ्यांना बसवून वर्षाचे कागद काढले. परीक्षेआधीच्या महिन्यात सकाळची धार कोण काढणार, शाळेचा डबा कोण भरणार, पेपरच्या दिवशी तालुक्याला कोण सोडणार, हे त्या दिवशीच ठरले. धारेची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. त्यांनी तेव्हा जे म्हटले ते मला त्याच घरी चहा घेताना ऐकायला मिळाले : "मला सहीसुद्धा येत नाही. माझ्या सुनेची तरी खुंटायला नको."

पदवीला पाच वर्षे लागली. मध्ये एक वर्ष पावसाने ओढ दिली, त्या वर्षी तिने एकच विषय दिला. पदवीनंतर तलाठी भरतीची परीक्षा दिली, निवड झाली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पदवी म्हणजे नोकरीची चिठ्ठी नव्हे. पण आज ती शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहते. बँकेचे पत्र आले की गावातले लोक तिच्याकडे जातात. ज्याने "पुरे कर" म्हटले होते तो नवरा आता बारावीनंतर सुटलेले आपले शिक्षण पुन्हा धरण्याची भाषा करतो. आणि थोरली मुलगी आईच्या शेजारी बसून अभ्यास करायला शिकली, तिला "अभ्यासाला बस" असे सांगावे लागत नाही.

रोजच्या अभ्यासाची रीत

दोन तास एकत्र मिळतीलच असे नाही. पाऊण तासाचे दोन-तीन तुकडे करा. वाचण्याचे आणि लिहिण्याचे काम पहाटे ठेवा. रात्री दमलेल्या डोळ्यांनी दहा पाने उलटली तरी डोक्यात एकही राहत नाही. व्याख्यान ऐकण्याचे काम हात गुंतलेले असताना होऊ शकते. शेंगा फोडताना, निवडणे-टिपणे करताना, धार काढताना ऐकावे. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्र चालवताना कानात काही घालू नये. व्याख्यानासाठी जीव धोक्यात घालणे नको. ज्या आठवड्यात पंपाला रात्रीची वीज असते, त्या आठवड्यात पहाटेचा हट्ट सोडा आणि दुपारच्या विसाव्यातला एक तास घ्या.

ऐकले की त्याच दिवशी पाच ओळी वहीत लिहा. नुसते ऐकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणखी एक सूचना : लेखी पेपर असेल तर परीक्षेआधी महिनाभर हाताने लिहिण्याचा सराव करा. विळा-खुरप्याला सरावलेल्या बोटांना तीन तास पेन धरवत नाही. उत्तर येत असूनही शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग एक तास, असे वाढवत न्या.

प्रवेश घेण्याआधी आपल्याला हे झेपते का ते पाहायचे असेल तर त्याचीही सोय आहे. इग्नूची बरीच पाठ्यपुस्तके 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क असते. 'स्वयंप्रभा'च्या वाहिन्या दूरदर्शनच्या फ्री डिशवर दिसतात, त्यांना इंटरनेटही लागत नाही. एखादा विषय महिनाभर रोज तासभर करून पाहा. शितावरून भाताची परीक्षा होईल. इंग्रजी माध्यम पेलणार नाही असे वाटले तर मराठी माध्यम निवडण्यात कमीपणा मानू नका.

वीज, रेंज आणि ऑनलाइन परीक्षा

ऑनलाइन पदवीत काही विद्यापीठे परीक्षा केंद्रावर घेतात, काही घरी देऊ देतात. घरी दिलेल्या परीक्षेत कॅमेरा सुरू ठेवावा लागतो. खोलीत दुसरे कोणी आले, बोलण्याचा आवाज आला किंवा विद्यार्थी वारंवार बाजूला पाहू लागला, तर त्याची नोंद होते. गावातल्या घरात शेजारचा लाउडस्पीकर, मध्येच आलेले पाहुणे आणि गेलेली वीज हे सारे संभवते. म्हणून पेपरच्या दिवशी तालुक्याला नातेवाइकाच्या घरी एखादी खोली आधीच सांगून ठेवावी. विद्यापीठ जी सराव परीक्षा घेते ती त्याच जागी, त्याच मोबाइल-संगणकावर द्यावी. पेपर चालू असताना संपर्क तुटला तर कोणाला कळवायचे, तो क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. मोबाइलवर लांब उत्तरे लिहिणे अवघड जाते. घरात संगणक नसेल तर तो कोठे मिळेल, याची सोय प्रवेशाआधीच पाहावी.

मध्ये खंड पडला तर

एखाद्या वर्षी दुष्काळ पडतो, घरात दुखणे येते, लेकीचे लग्न ठरते. पूर्वी असे झाले की शिक्षण सुटले ते सुटलेच. आता मिळवलेले श्रेयांक श्रेयांक पेढीत तुमच्या नावावर जमा राहतात. ते साधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. नव्या धोरणाप्रमाणे एक वर्षाचा अभ्यास पुरा करून थांबणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी थांबणाऱ्याला पदविका आणि तीन वर्षांनी पदवी मिळण्याची तरतूद आहे. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. तुमच्या विद्यापीठात हे कसे लागू आहे ते विचारून घ्या. थांबावे लागले तर गुपचूप थांबू नका. अभ्यासकेंद्राला किंवा मदत केंद्राला विचारून, परत यायची शेवटची तारीख लिहून घेऊन थांबा. तसे थांबलेला माणूस परत येतो.

घरच्या मंडळींना दोन शब्द

हा परिच्छेद शिकणाऱ्यासाठी नाही, त्याच्या घरच्यांसाठी आहे. या पदवीचे ३६०० तास एकट्या विद्यार्थ्याच्या वाट्यातून निघत नाहीत. ते घराच्या कामातून काढावे लागतात. पुरुष शिकत असेल तर त्याला पुस्तक घेऊन बसलेला पाहून कोणी काही म्हणत नाही. बाई शिकत असेल तर तिचे दोन तास भाकरी, भांडी आणि झाडलोट यांतूनच काढावे लागतात, आणि ते काम दुसऱ्या कोणी उचलले नाही तर ती ते झोपेतून काढते. वर्ष-दीड वर्षात तब्येत खचते आणि मग "तिला झेपले नाही" असे आपण म्हणतो. म्हणून वडीलधाऱ्यांनी, दादांनी, मुलांनी आपापल्या वाट्याचे एक काम आजच ठरवून घ्यावे. घरात एक विहीर खणायची ठरली की सगळे घर राबते, तसेच हे समजावे. तिचे पाणी पुढच्या पिढीलाही पुरते.

थोडक्यात एवढे करा

१. पदवी कशासाठी हवी ते एका ओळीत लिहा.

२. संस्था, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्हींची मान्यता ब्यूरोच्या संकेतस्थळावर पाहा. पैसे विद्यापीठाच्या खात्यावरच भरा.

३. आधार आणि गुणपत्रिका यांवरची नावे प्रवेशाआधी जुळवून घ्या.

४. कमाल मुदत पाहून दर सत्राला झेपतील तेवढेच विषय घ्या. वर्षाला ३०० दिवस, रोज दोन तास.

५. गृहपाठ, परीक्षा अर्ज, फेरनोंदणी आणि परीक्षा या चार तारखा शेतीच्या कामांबरोबर भिंतीवर लिहा.

६. घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला कोणते काम येईल ते सगळ्यांसमक्ष ठरवा.

दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाची सत्रे बहुतेक ठिकाणी वर्षातून दोन असतात, एक जुलै-ऑगस्टच्या सुमारास आणि दुसरे जानेवारी-फेब्रुवारीत. ज्यांच्या मनात आहे त्यांनी या आठवड्यातच दहावी-बारावीच्या गुणपत्रिका ट्रंकेतून बाहेर काढाव्यात आणि आधारशी नाव ताडून पाहावे. सुरुवात तेथून होते.